रविवारच्या सुटीचे जनक : रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे

रविवार हा श्री खंडोबाचा वार. या दिवशी जेजुरी गडावर भाविकांची विशेष दाटी असते. परंतु कष्टकऱ्याला हा वार मोकळा मिळावा म्हणून एका मराठी माणसाने झगडा दिला, हे थोड्याच भाविकांस ठाऊक असेल.

नारायणरावांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे झाला. रेल्वे व टपाल खात्यात काही काळ नोकरी केल्यावर ते मुंबईच्या मांडवी भागातील एका कापड गिरणीत भांडारपाल झाले. गिरणीत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले. १८८१ च्या कायद्याने लहान मुलांना महिन्यातून चार सुट्या दिल्या, मोठ्यांना मात्र काहीच नाही. कोठे रविवारी गिरणी बंद राहिली तरी यंत्रे पुसण्यासाठी हजर व्हावेच लागे.

यहुदी लोक शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शब्बाथ पाळतात व त्या काळात काम वर्ज्य मानतात. ख्रिस्ती बांधव रविवारी प्रार्थनेस जमतात, तर मुस्लिम बांधव शुक्रवारी दुपारी जुम्म्याची नमाज अदा करतात. आपल्याकडे सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्तगुरूंचा, शनिवार मारुतीरायाचा. पण त्या वारी काम थांबवावे असा सर्वांना लागू दंडक नव्हता. गावी सणावारी बैलालाही विसावा मिळे. गिरणीच्या भोंग्याला मात्र सण कळत नव्हता, वारही नाही.

महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे निष्ठावंत कार्यकर्ते असलेल्या नारायणरावांनी १८८० पासून ‘दीनबंधु’ पत्राची धुरा वाहिली. सप्टेंबर १८८४ मध्ये परळ येथे कामगारांच्या सभा भरल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सिद्ध झाले. त्यातील पहिली मागणी रविवारच्या पूर्ण सुटीची होती. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, जखमी कामगारास भरपाई याही मागण्या होत्या. रविवार हा खंडोबाचा वार असल्याने तोच मोकळा असावा, असे त्यांनी मालकांपुढे मांडल्याचे सांगितले जाते. ही मांडणी मोठी समर्पक होती. घाटावरून आलेल्या कित्येक कामगारांचे कुलदैवत मल्हारीच!

मालकवर्ग सहजी बधला नाही. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या काळी अपूर्व वाटावे असे म्हणजे, या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुटी मान्य केली आणि १८९१ च्या कायद्याने तिला आधार मिळाला.

१८९३ च्या मुंबईतील दंगलीनंतर हिंदु-मुस्लिम सलोख्यासाठीही त्यांनी परिश्रम घेतले. पुढे सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. मुंबईत प्लेगची साथ पसरली असता रुग्णांची सेवा करताना त्यांनाच त्या रोगाने गाठले व ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. २००५ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.