हिवाळ्यात घडलेली बेरिल

सायकलवर बसलेल्या बाईकडे वळून बघण्याचे दिवस आता आपल्याकडेही सरले. आठवी-नववीच्या मुली घोळक्याने सायकलवरून शाळेत जातात, कुणाला त्याचं काही वाटत नाही. खरी गंमत पुढे होते. शाळा संपते, लग्न होतं आणि सायकल माळ्यावर तरी चढते नाहीतर भंगारात जाते. लेकुरवाळ्या बाईला सायकल हवीच कशाला, असं आजही आपल्या तालुक्याच्या गावांमध्ये अगदी सहज विचारलं जातं. बचत गटाच्या बैठकीत हा विषय निघाला की मी हमखास एका बाईची गोष्ट सांगते. शर्यतीतलं पहिलं राष्ट्रीय पदक तिला मिळालं तेव्हा तिची मुलगी जेमतेम दीड वर्षाची होती. बेरिल बर्टन तिचं नाव.

बेरिल इंग्लंडची. उत्तरेकडच्या यॉर्कशर भागात लीड्स नावाचं शहर आहे, कापडाचं आणि शिवणकामाच्या कारखान्यांचं. तिथे १२ मे १९३७ रोजी तिचा जन्म झाला. घर साधं, कष्टकरी. त्या काळी इंग्लंडमध्ये अकराव्या वर्षी एक परीक्षा द्यावी लागे आणि मूल पुढे कुठल्या शाळेत जाणार हे त्यावर ठरे. बेरिल त्या परीक्षेत नापास झाली. पाठोपाठ ती अंथरुणाला खिळली. तिला ऱ्हुमॅटिक ताप झाला होता. आधी दवाखाना, मग समुद्रकाठच्या साउथपोर्ट गावातलं आजारातून उठलेल्या मुलांचं विश्रांतिगृह, असे बरेच महिने ती घराबाहेर होती. अकरा वर्षांच्या पोरीने इतके महिने आईबापांशिवाय काढायचे!

(हा ताप आपल्याकडेही आहे बरं का. मुलांच्या घसादुखीवर नीट उपचार झाले नाहीत तर काही मुलांना तो येतो, सांधे सुजतात, हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. तेव्हा मुलांची घसादुखी अंगावर काढायला लावू नका.)

बेरिल बरी झाली, पण हृदयाची तक्रार राहिली ती राहिलीच. फार दमणूक होईल असं काही करायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि ती शिवणकामाच्या एका कारखान्यात कामाला लागली. तिथे तिला चार्ली बर्टन भेटला. चार्लीला सायकलचं वेड होतं. तिकडे गिरणी कामगार, खाण कामगार, शिंपी अशा मंडळींचे गावोगाव सायकल क्लब असायचे. रविवारी सगळ्यांनी मिळून पन्नास-शंभर किलोमीटर भटकून यायचं, हीच त्यांची करमणूक. चार्लीच्या नादाने बेरिलही जाऊ लागली. १९५५ साली दोघांनी लग्न केलं आणि जानेवारी १९५६ मध्ये डेनिसचा जन्म झाला.

चार्ली पुढे सांगायचा की पहिल्या वर्षी बेरिल मागे पडायची, चढावर तिच्या पाठीला हात लावून ढकलावं लागायचं. दुसऱ्या वर्षी ती पुरुषांच्या बरोबरीने चालवू लागली. तिसऱ्या वर्षी सगळ्यांच्या पुढे होती. मला हा तीन वर्षांचा हिशेब फार आवडतो. कारण या तीन वर्षांत लग्न आहे, बाळंतपण आहे, कारखान्याची नोकरी आहे आणि तीन हिवाळेही आहेत.

हिवाळ्याचं महत्त्व कळायला तिकडच्या शर्यतींचं गणित ठाऊक हवं. इंग्लंडमधल्या रस्त्यावरच्या शर्यती वसंतात सुरू होतात आणि शरद ऋतूत संपतात. त्यातल्या बऱ्याचशा घड्याळाविरुद्धच्या. एकेका मिनिटाच्या अंतराने एकेकाला सोडायचं. त्याने एकट्याने पंचवीस, पन्नास किंवा शंभर मैल तोडायचे. ज्याला वेळ कमी, तो जिंकला. रहदारी नको म्हणून पहाटे सुरुवात. यात कुणाच्या आडोशाने वारा चुकवता येत नाही, की सोबत्याच्या जोरावर ओढलं जाता येत नाही. जे काही कमावलेलं असेल ते आपल्याच पायांत हवं. आणि ते कमवायचं हिवाळ्यात.

आपण नाही का उन्हाळ्यात पापड-कुरडया वाळवून ठेवत? पावसाळा लागल्यावर जाग येऊन उपयोग नसतो. तसंच हे. महिनोन्महिने बेताच्या वेगाने लांबलांब अंतरं चालवली की हृदय एकेका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला लागतं, स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं, शरीर दमणं लांबवायला शिकतं. पंधरा दिवसांत हे होत नाही. वेगाचा सराव नंतर करता येतो, पण खाली हा पाया लागतोच. म्हणून तिकडची क्लबची मंडळी थंडीत शर्यतीची सायकल बाजूला ठेवून मागचं चाक पेडलला पक्कं जोडलेली साधी सायकल काढत. तिचे पेडल थांबवता येत नाहीत, चाक फिरतंय तोवर पाय फिरतच राहतात. उतारावरसुद्धा सुटका नाही!

आणि यॉर्कशरचा हिवाळा म्हणजे काही आपली दिवाळीनंतरची गुलाबी थंडी नव्हे. डिसेंबरात सकाळचे आठ वाजून गेले तरी सूर्य नसतो आणि दुपारी चारच्या आत तो मावळलेला असतो. रस्त्यावर बर्फाचा पातळ थर, वरून ओला वारा. कारखान्यात कामाला जाणाऱ्या माणसाला आठवडाभर उजेडात सायकल चालवायला मिळणं कठीण. जे काही करायचं ते अंधारात आणि नाहीतर रविवारी. तिथे ना कुणी पगारी प्रशिक्षक होता, ना आहाराचा तक्ता.

मग घरातल्या तान्ह्या मुलीकडे कोण बघायचं? चार्ली. इथे मला जरा थांबावंसं वाटतं. चार्ली स्वतः सायकलवाला होता, त्यालाही शर्यतीची हौस असणारच. पण बायकोच्या पायांत काय आहे हे त्याने ओळखलं आणि आपली हौस मागे ठेवली. सायकली पुसणं, चेन-टायर बघणं, शर्यतीच्या ठिकाणी गाडी हाकणं आणि डेनिसला सांभाळणं, हे सगळं त्याने वर्षानुवर्षं केलं. १९५० च्या दशकात, इंग्लंडमध्येसुद्धा, असे नवरे शोधावे लागले असते. बेरिलच्या कर्तृत्वाविषयी बोलताना आपल्या गटातल्या बायका सगळ्यात आधी चार्लीविषयीच विचारतात, यात नवल नाही.

१९५७ चा मोसम उजाडला आणि शंभर मैलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत बेरिलला रौप्यपदक मिळालं. शंभर मैल म्हणजे १६० किलोमीटर. डॉक्टरांनी दमायला मनाई केलेल्या मुलीला! त्यानंतर तिने मागे वळून पाहिलं नाही. बायकांची जागतिक सायकल स्पर्धाच मुळी १९५८ साली सुरू झाली आणि १९५९ मध्ये बेल्जियममध्ये बेरिल जगज्जेती झाली. ही शर्यत होती परस्यूटची. बंदिस्त गोल मार्गावर दोघी समोरासमोरच्या बाजूंनी निघतात आणि एकमेकींचा पाठलाग करतात. ती तिने एकूण पाच वेळा जिंकली. रस्त्यावरच्या शर्यतीचं जगज्जेतेपद तिने दोनदा मिळवलं, १९६० मध्ये पूर्व जर्मनीत आणि १९६७ मध्ये हॉलंडमध्ये. देशातल्या वर्षभराच्या सर्वोत्तम महिला सायकलपटूचा मान १९५९ पासून १९८३ पर्यंत सलग पंचवीस वर्षं तिच्याकडेच होता. पंचवीस वर्षं म्हणजे पंचवीस हिवाळेही आलेच की!

या हिवाळ्यांची एक वेगळीच बाजू आहे, ती शेतातली. लीड्सच्या जवळ मॉर्ली गावात रुबार्बचं पीक निघतं. रुबार्ब म्हणजे आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात मिळणाऱ्या रेवाचिनीची भावंडं. तिचे आंबट देठ साखर घालून शिजवतात, पुडिंगमध्ये वापरतात. हे पीक काढायची त्यांची रीत ऐकण्यासारखी आहे. दोन वर्षं झाडं शेतात नुसती वाढू द्यायची, देठ तोडायचे नाहीत. कडाक्याची थंडी पडून गेली की जमिनीतले मोठमोठे गड्डे उकरून काढायचे आणि अंधाऱ्या, ऊबदार गोदामात नेऊन मांडायचे. तिथे साठवलेल्या ताकदीवर कोवळे गुलाबी देठ फुटतात. उजेड लागला तर ते राठ होतात, म्हणून तोडणी मेणबत्तीच्या प्रकाशात होते. हे सगळं काम भर थंडीतलं, चिखलातलं. एकेक गड्डा चांगलाच वजनदार.

निम कार्लाईन नावाच्या शेतकऱ्याच्या अशा शेतावर बेरिल मजुरी करायची. कार्लाईन स्वतः चोवीस तासांच्या सायकल शर्यतीचा राष्ट्रीय विजेता होता, तिच्याच क्लबातला. त्यामुळे शर्यतीसाठी सुट्टी मागताना तिला फार समजावून सांगावं लागत नसेल. पण शेतावर तिला सवलत नव्हती. खणणं, उचलणं, वाहणं, सगळं इतरांसारखंच. तिची पाठ आणि मांड्या या कामाने घट्ट केल्या. आपल्याकडच्या ऊसतोडणीच्या बायकांना, डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीवर चढणाऱ्या बायकांना, कुणी कधी खेळाडू म्हणून बघितलंय का?

व्यावसायिक होऊन पैसे मिळवण्याचा प्रस्ताव तिला आला होता, तिने तो घेतला नाही. घर चालायचं ते मजुरीवर. फावल्या वेळात आणि प्रवासात तिच्या हातात विणकामाच्या सुया असत.

आता १९६७ च्या सप्टेंबरमधला तो दिवस. यॉर्कशरमध्येच बारा तासांची शर्यत होती. बारा तासांत कोण जास्त अंतर तोडतो ते बघायचं. आधी पुरुष सोडले, त्यांच्या मागून बायका. पुरुषांत सगळ्यात शेवटी निघाला होता माइक मॅकनमारा, आणि तो त्या दिवशी पुरुषांचा राष्ट्रीय विक्रम मोडण्याच्या वाटेवर होता. बेरिल एकेका पुरुषाला मागे टाकत आली. शेवटी उरला मॅकनमारा. त्याला गाठल्यावर तिलाच अवघडल्यासारखं झालं. इतका चांगला चालवतोय आणि आपण त्याच्या पुढे जायचं! तिने खिशातून ज्येष्ठमधाची गोळी काढून त्याला दिली. त्याने ती घेतली, आणि बेरिल पुढे निघून गेली.

मॅकनमाराने २७६.५२ मैल तोडले. बेरिलने २७७.२५. म्हणजे सुमारे ४४६ किलोमीटर. पुण्याहून कोल्हापूरला जाऊन जवळजवळ परत पुण्यात यायचं, तेही एका दिवसात, सायकलवर! पुरुषांचा नवा विक्रम त्याच दिवशी एका बाईच्या मागे राहिला. पुरुषांना तिचा आकडा ओलांडायला १९६९ उजाडलं आणि बायकांमध्ये तो २०१७ पर्यंत, तब्बल पन्नास वर्षं टिकला.

ऑलिंपिकचं पदक मात्र तिच्या नावावर नाही. कारण बायकांच्या सायकल शर्यती ऑलिंपिकमध्ये आल्याच १९८४ साली. तेव्हा बेरिल ४७ वर्षांची होती. १९६४ आणि १९६८ मध्ये सरकारने तिला एमबीई आणि ओबीई हे किताब दिले, पण देशाबाहेरच्या सायकलवाल्यांना ती जितकी ठाऊक होती तितकी ती आपल्याच देशातल्या सामान्य माणसांना नव्हती, असं म्हणतात.

इथवर ऐकल्यावर बायका टाळ्या वाजवतात. पण मी १९७६ ची गोष्टही सांगते, आणि ती सांगताना माझा आवाज जरा खाली येतो.

चार्लीने सांभाळलेली डेनिस मोठी झाली आणि तीही सायकल शर्यतीत उतरली. १९७२ मध्ये जागतिक स्पर्धेसाठी मायलेकी दोघींची एकाच संघात निवड झाली. १९७५ मध्ये डेनिसने परस्यूटमध्ये जागतिक कांस्यपदक मिळवलं. १९७६ ची राष्ट्रीय रोड शर्यत. शेवटी पुढे राहिलेल्या मोजक्या जणींमध्ये दोघीही होत्या. अखेरच्या धावेत डेनिस जिंकली. आणि बक्षिसाच्या वेळी बेरिलने लेकीशी हात मिळवायला नकार दिला. पोरीने वाऱ्याला तोंड देण्याचं आपल्या वाटणीचं काम केलं नाही, आपल्या मागे राहून ताकद वाचवली, असा तिचा राग होता. आपलं वागणं खिलाडूपणाचं नव्हतं, हे तिने पुढे आपल्या आत्मचरित्रात कबूल केलं. त्या दिवशी घरी मात्र सगळे एकाच गाडीतून गेले. मागे-पुढे बसलेल्या त्या दोघी आणि गाडी चालवणारा चार्ली... काय झालं असेल त्या गाडीत!

काही जणी म्हणतात, आई कसली ती. मला तसं झटकन म्हणवत नाही. दुसऱ्यासाठी मागे राहायचं हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं, तिने मात्र वीस वर्षं रोज पुढे राहायचाच सराव केला होता. तो सराव समोर लेक आली म्हणून एका दिवसात कसा सुटेल? पण डेनिसची बाजू घेऊन बघितलं की पोटात तुटतंच. हरलेल्या आईने मिठी मारायला हवी होती. १९८२ मध्ये मायलेकींनी जोडीच्या सायकलवर, म्हणजे टँडेमवर बसून दहा मैलांचा ब्रिटिश विक्रम केला. त्याने सगळं भरून निघालं की नाही, ते त्या दोघींनाच ठाऊक.

बेरिलला थांबता आलं नाही, हेही खरं. पन्नाशीनंतर वेळा मंदावल्या, तरुण मुली पुढे जाऊ लागल्या, तरी ती शर्यतींना उभी राहायची. लहानपणीचं दुखणं सोबत होतंच. ५ मे १९९६ रोजी ती सायकलवरून घराबाहेर पडली. आठवड्याने तिचा ५९ वा वाढदिवस होता आणि त्याची आमंत्रणं मैत्रिणींकडे पोचवायची होती. वाटेतच हृदय थांबलं.

मॉर्लीमध्ये आता तिच्या नावाची छोटी बाग आहे. तिथल्या भिंतीवर तिचं मोठं चित्र रंगवलेलं आहे, सायकलवर वाकून बसलेलं.