डॉ. जेरोम लेजून : लेकरांचा कैवारी वैद्य

डाऊन सिंड्रोम असलेले बाळ जन्माला आले, की आपल्याकडे काही घरांत अजूनही आईलाच जाब विचारला जातो : गरोदरपणी ग्रहण पाळले नव्हतेस का? विज्ञानाने या प्रश्नाचे खरे उत्तर १९५९ सालीच दिले आहे. त्या उत्तराशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, ते डॉ. जेरोम लेजून हे श्रद्धावान कॅथॉलिक होते.

पॅरिसजवळील माँरूज येथे १३ जून १९२६ रोजी त्यांचा जन्म झाला. वैद्यकीय शिक्षणानंतर १९५२ साली ते प्रा. रेमाँ त्युर्पाँ यांच्या हाताखाली संशोधन करू लागले. तिरपे डोळे, चपटे नाक, तळहातावर एकच आडवी रेषा, सैल स्नायू आणि मंद बौद्धिक वाढ ही लक्षणे असलेली मुले तेथे येत. पुष्कळांच्या हृदयातही जन्मजात दोष असे. कारण मात्र कोणालाच ठाऊक नव्हते.

मनुष्याच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. या मुलांच्या पेशींत ४७ आढळली. एकविसाव्या जोडीत एक गुणसूत्र अधिक होते. लेजून, मार्थ गोतिए आणि त्युर्पाँ यांनी जानेवारी १९५९ मध्ये हा शोध प्रसिद्ध केला. पेशी वाढविण्याचे तंत्र प्रयोगशाळेत आणणाऱ्या गोतिएबाईंना श्रेय फार उशिरा मिळाले. त्यांचा वाटा महत्त्वाचा होता, असा निर्वाळा फ्रान्सच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन संस्थेच्या नीतिसमितीने २०१४ साली दिला. सत्याच्या दृष्टीने हे सांगणे अगत्याचे आहे.

१९६३ साली लेजून व सहकाऱ्यांनी आणखी एका दुर्मिळ व्याधीचे वर्णन केले. पाचव्या गुणसूत्राचा तुकडा गळालेली ही बालके मांजराच्या पिलासारखी रडतात. त्यांचे डोके लहान असते आणि वाढ खुंटते.

लेजून यांना उपचार शोधायचा होता. जगाने मात्र त्या ज्ञानाचा उपयोग अशी बालके गर्भातच ओळखून नाकारण्यासाठी केला. ही त्यांची मोठी वेदना होती. १९६९ साली सॅन फ्रान्सिस्को येथे मानाचा विल्यम अॅलन पुरस्कार स्वीकारताना त्यांनी याविरुद्ध उघड भूमिका घेतली. त्यामुळे अनेक सहकारी दुरावले, पण नेकर रुग्णालयात त्यांनी या मुलांची सेवा सोडली नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना जीवनविषयक परमधर्मपीठीय अकादमीचे पहिले अध्यक्ष नेमले. त्याच वर्षी ३ एप्रिलला, पुनरुत्थानाच्या रविवारी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली त्यांना ‘पूजनीय’ घोषित केले.

ते अधिकचे गुणसूत्र बहुतेक वेळा पेशीविभाजनात योगायोगाने येते. त्यात आईचा दोष नाही, ग्रहणाचा नाही, पापाचाही नाही. भंडारा, तुमसर वा साकोलीच्या घरी असे लेकरू असेल तर त्याला पाहुण्यांपासून लपवू नये. त्याच्या हृदयाची तपासणी वेळेवर करून घ्यावी. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळांतील मुलांची तपासणी मोफत होते. आणि रविवारच्या मिस्साला त्याला पुढच्या बाकावर बसवावे.