लोकांचा कारभारी : कै. दयानंद बांदोडकर

गोव्याच्या उत्तर टोकाला, दक्षिणेस शापोरा आणि उत्तरेस तेरेखोल या दोन नद्यांच्या मध्ये पेडणे तालुका वसला आहे. त्याच्या आग्नेयेस डिचोली. हे दोन्ही तालुके 'नव्या काबिजादी'त मोडतात. तिसवाडी, बारदेश, साष्टी येथे पोर्तुगीज अंमल सोळाव्या शतकापासून होता. डिचोली आणि पेडणे मात्र अठराव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकात, सावंतवाडीकर भोसल्यांच्या ताब्यातून त्या अमलाखाली आले. पेडण्याचे हस्तांतर तर १७८८ साली झाले. त्यामुळे येथील देवळे, जत्रा, कीर्तने, पोथ्या आणि देवस्थानांची मराठी दप्तरे यांची परंपरा फारशी खंडित झाली नाही. याच पेडण्यात १२ मार्च १९११ रोजी दयानंद बाळकृष्ण बांदोडकर यांचा जन्म झाला. साऱ्या गोमंतकाने पुढे त्यांना 'भाऊसाहेब' म्हटले, आणि मुक्त गोव्याचे पहिले मुख्यमंत्री म्हणून इतिहासाने त्यांची नोंद घेतली.

त्यांच्या जन्माच्या पाच महिने आधी, ५ ऑक्टोबर १९१० रोजी, पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताकाची घोषणा झाली होती. गोव्यातील हिंदू समाजाला त्यामुळे शिक्षणाची, वृत्तपत्रांची आणि सार्वजनिक संस्थांची वाट थोडी मोकळी झाली. अनेक गावांतील वाचनालये आणि मराठी शाळा त्या मोकळ्या हवेतच उभ्या राहिल्या. परंतु भाऊसाहेब ऐन तारुण्यात असतानाच सालाझारची राजवट आली आणि ही हवा पुन्हा कोंडली. वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी बसली, सभांवर बंदी आली. लग्नाच्या निमंत्रणपत्रिकासुद्धा सरकारी तपासणीवाचून छापता येईनात.

अशा राजवटीत खेड्यातील माणसाचा सरकारशी संबंध दोनच वेळा येई : कर भरताना आणि हुकूम पाळताना. गावात रेजिदोर हा सरकारचा माणूस; त्याच्या वर तालुक्याचा प्रशासक. कागद पोर्तुगीज भाषेत. आपल्या गावासाठी काय मंजूर झाले, रस्ता कोठून जाणार, आपल्यावर बसलेला कर कशासाठी आहे, हे विचारण्याची जागाच नव्हती. सरकार लोकांना काही देणे लागते ही कल्पनाच रुजलेली नव्हती. मग ते देणे मागावे कसे, हे शिकण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

भाऊसाहेब गोमंतक मराठा समाजातले. देवळाशी जोडलेल्या, कलेत निपुण परंतु प्रतिष्ठेपासून वंचित ठेवलेल्या या समाजाने विसाव्या शतकाच्या आरंभी स्वतःच्या उन्नतीसाठी मोठी चळवळ उभारली होती. मोठ्या शिक्षणाची शिदोरी भाऊसाहेबांपाशी नव्हती. व्यापार-व्यवसायात त्यांनी स्वतःच्या हिमतीवर पाय रोवले आणि पुढे ते खाणव्यवसायात शिरले. १९५०च्या दशकात जपानच्या पोलाद कारखान्यांकडून लोहखनिजाला मागणी वाढली. डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांच्या डोंगरांतले खनिज बार्जेसमधून मुरगाव बंदराकडे वाहू लागले आणि काही थोड्या घराण्यांच्या हाती संपत्ती आली. भाऊसाहेब त्यांपैकी एक झाले. मात्र पैसा आल्यावरही त्यांची बैठक मोडली नाही. शाळांना, देवळांना, नाटक मंडळींना आणि गरजू विद्यार्थ्यांना ते सढळ हाताने मदत करीत. राजकारणात पाऊल टाकण्यापूर्वीच उत्तर गोव्यातील पुष्कळ घरांत त्यांचे नाव दाता म्हणून पोचलेले होते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पुढच्याच वर्षी ग्रामपंचायतींचा कायदा आला आणि २४ ऑक्टोबर १९६२ रोजी प्रौढ मतदानाने पंचायतींच्या पहिल्या निवडणुका झाल्या. कुळे, मुंडकार, रेंदेर, खारवी, खाणकामगार, अशांच्या हाती प्रथमच मतपत्रिका पडली. वर्षभराने, ९ डिसेंबर १९६३ रोजी, विधानसभेची पहिली निवडणूक झाली. जाणत्या वर्तुळांत काँग्रेसच्या विजयाची खात्री धरली जात होती. प्रत्यक्षात तीस जागांच्या त्या सभागृहात काँग्रेसला दमणची एकच जागा मिळाली. भाऊसाहेबांच्या नेतृत्वाखाली त्याच वर्षी स्थापन झालेल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने चौदा जागा जिंकल्या. युनायटेड गोवन्स पक्षाला बारा मिळाल्या. भाऊसाहेब स्वतः त्या निवडणुकीत उभे नव्हते. ते पुढे पोटनिवडणुकीतून सभागृहात आले. परंतु २० डिसेंबर १९६३ रोजी मुख्यमंत्रिपदाची शपथ त्यांनीच घेतली. पन्नाशी ओलांडलेल्या या गृहस्थाला शासनाचा कसलाही पूर्वानुभव नव्हता.

या अननुभवातूनच त्यांच्या कारभाराची पद्धत घडली. फायलीतून प्रश्न समजून घेण्यापेक्षा तो ज्याचा असेल त्याच्या तोंडून ऐकणे त्यांना अधिक मानवे. त्यांच्या घराचा दरवाजा लोकांसाठी उघडा असे. पेडण्याचा शेतकरी, सत्तरीचा गावकर, डिचोलीचा खाणकामगार ओळखीपाळखीवाचून येई आणि आपली अडचण मांडी. शाळेला मास्तर नाही, विहीर आटली, रस्ता पावसात वाहून गेला, भाटकार घरावर छप्पर घालू देत नाही, असेच ते प्रश्न असत. होणारे काम असेल तर अधिकाऱ्याला तेथल्या तेथे सांगितले जाई. न होणारे असेल तर तसे स्पष्ट सांगितले जाई. गावोगावच्या दौऱ्यांतही हीच रीत होती. खेड्यातल्या माणसाला त्यातून दोन गोष्टी मिळत. एक, कामाचा निकाल. आणि दुसरी, अधिक मोलाची, म्हणजे आपल्याला काय मागता येते याचे ज्ञान. परत गेलेला माणूस वाड्यावर ते सांगे, आणि एका घरची बातमी दहा घरांची होई.

या मौखिक वार्तेचे महत्त्व त्या काळाचे चित्र डोळ्यांसमोर आणल्याशिवाय कळणार नाही. १९६१च्या जनगणनेत गोवा, दमण व दीव या संघप्रदेशात शंभरांत साक्षर माणसे सुमारे तीसच होती. पोर्तुगीज गेली तशी कचेरीत इंग्रजी आली; खेडुताच्या दृष्टीने एक परकी भाषा जाऊन दुसरी आली इतकेच. 'गोमन्तक' हे दैनिक १९६२ साली, 'राष्ट्रमत' १९६३ साली आणि 'नवप्रभा' १९७० साली निघाले. गावात येणारा त्यांचा अंक वाचनालयात किंवा दुकानाच्या ओट्यावर एकजण वाची आणि इतर ऐकत. पंचायतीच्या दारावर लावलेला सूचनेचा कागद बहुसंख्य लोकांपुरता मुका होता.

यावरचा टिकाऊ उपाय शाळा हाच, हे भाऊसाहेबांनी ओळखले. स्वतः फार न शिकलेल्या या मुख्यमंत्र्याने प्राथमिक शिक्षणाला सर्वांत वरचे स्थान दिले. मुक्तीपूर्वी खेड्यातील मराठी शिक्षण देवळाच्या मंडपातील पंतोजींवर आणि लोकवर्गणीच्या शाळांवर तगून होते. आता दूरदूरच्या वाड्यांवर सरकारी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. इमारत नसेल तेथे घराच्या पडवीत किंवा देवळाच्या अग्रशाळेत वर्ग भरले. मास्तर कमी पडले तेव्हा शेजारच्या महाराष्ट्रातून आले. १९७१च्या जनगणनेत साक्षरांचे प्रमाण शेकडा पंचेचाळीसच्या आसपास गेले. घरातली आठ-दहा वर्षांची मुलगी बापाला सरकारी कागद वाचून दाखवू लागली, हा बदल कोणत्याही भव्य इमारतीपेक्षा मोठा होता.

कूळकायद्याच्या बाबतीत तर माहितीचे मोल अक्षरशः जमिनीच्या मोलाइतके ठरले. १९६४ साली विधानसभेने गोवा, दमण व दीव कृषी कूळ कायदा संमत केला. खंडाला उत्पन्नाच्या प्रमाणात मर्यादा घातली गेली आणि कुळाला मनमानीने काढून टाकण्यास आळा बसला. परंतु कायदा संमत झाला म्हणजे तो कुळाच्या घरी पोचला असे नाही. पिढ्यान् पिढ्या भाटकाराच्या शब्दावर जमीन कसणाऱ्याजवळ खंडाची पावतीही क्वचित असे. मामलेदारापुढे हक्क सांगता येतो हेच त्याला ठाऊक नसे; ठाऊक झाले तरी भाटकाराच्या विरोधात तोंड उघडण्याचे धैर्य नसे. १९६८च्या जमीन महसूल संहितेनंतर गावोगाव मोजणी आणि हक्कनोंदणी झाली. आज गोव्यात घरोघर ठाऊक असलेला 'एक-चौदा'चा उतारा त्यातूनच आला. ज्याने वेळेवर नाव नोंदवून घेतले त्याच्या मुलाबाळांपाशी जमीन राहिली. ज्याला नोंदणीची वार्ताच लागली नाही त्याचे वारस पुढे वर्षानुवर्षे कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत राहिले. कूळकायद्याची गोष्ट भाऊसाहेबांनी सभांतून खेडुताच्या बोलीत मांडली. ज्याच्या तोंडून ती येई तो स्वतः मुख्यमंत्री असल्यामुळे ऐकणाऱ्याचे भय थोडे ओसरे.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा राजकीय पराभव १९६७ साली झाला. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा हे त्यांच्या पक्षाचे मूळ उद्दिष्ट. त्याविषयी १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल घेण्यात आला. तो निःपक्षपातीपणे व्हावा म्हणून त्यांच्या मंत्रिमंडळाने आधीच, डिसेंबर १९६६ मध्ये, सत्ता सोडली होती. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि संघप्रदेश राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली. पेडणे, डिचोली यांसारखे तालुके विलीनीकरणाच्या मागे उभे राहिले, पण एकूण कौल विरुद्ध गेला. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या नेतृत्वाखालील पक्षाने आणि विलीनीकरणविरोधी मराठी-कोंकणी लेखक-पत्रकारांनी आपली बाजू गावोगाव जाऊन पटवून दिली होती. लोकांना समजावून सांगण्याच्या ज्या कलेत भाऊसाहेब निष्णात होते, त्याच कलेत त्या वेळी प्रतिपक्ष सरस ठरला. त्यांनी कौल मान्य केला. अवघ्या दोन-अडीच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत त्याच मतदारांनी त्यांच्या पक्षाला सोळा जागा देऊन पुन्हा सत्तेवर बसविले. विलीनीकरण नाकारूनही कारभारी म्हणून भाऊसाहेबच हवेत, असा हा दुहेरी निवाडा होता.

त्यांच्या पद्धतीची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. जो कारभार एका माणसाच्या ऐकून घेण्यावर चालतो, तो त्याच्या मर्जीवरही चालतो. नियमाने चालणाऱ्या अधिकाऱ्यांना तोंडी हुकूम अडचणीचे वाटत. जो पणजीपर्यंत पोचला त्याचे काम झाले. ज्याच्यापाशी बसभाड्याचे पैसे नव्हते किंवा ज्याच्या वाटेत भरलेली नदी होती, तो मागे राहिला. पंचायती आणि नगरपालिका ही लोकांच्या दाराशी असलेली व्यासपीठे. पण सर्व प्रश्न थेट मुख्यमंत्र्यांकडे जाऊ लागल्यावर त्यांचे बळ वाढण्यास मर्यादा पडल्या. पक्षातही एकतंत्री कारभाराची तक्रार वाढली आणि १९७० साली काही आमदारांनी उघड बंड केले. भाऊसाहेबांनी त्यातून सरकार वाचविले आणि १९७२च्या निवडणुकीत अठरा जागा मिळवून आपली लोकमान्यता पुन्हा सिद्ध केली. तरी बंडखोरांनी उपस्थित केलेला प्रश्न सर्वस्वी खोटा होता असे म्हणता येत नाही.

कला आणि क्रीडा यांचे त्यांना मनापासून प्रेम होते. १९७० साली स्थापन झालेली कला अकादमी त्यांच्याच कारकिर्दीतली, आणि त्यांच्या नावाचा फुटबॉलचा सुवर्णचषकही गोमंतकीय क्रीडारसिकांच्या स्मरणात आहे. पणजीला बारदेशाशी जोडणारा मांडवीवरील पहिला पूलही त्याच सुमारास वाहतुकीस खुला झाला. उत्तरेकडच्या लोकांना राजधानी त्यामुळे जवळ आली. १९८६ साली तो कोसळला तेव्हा त्याची किंमत पुन्हा कळली.

१२ ऑगस्ट १९७३ रोजी हृदयविकाराने भाऊसाहेबांचे निधन झाले. ते पदावर असतानाच गेले. त्या वेळी त्यांचे वय बासष्ट वर्षांचे होते. पणजीजवळ मिरामारच्या किनाऱ्यावर त्यांची समाधी आहे. त्यांच्यानंतर त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. मुंडकारांना घरातून हुसकावण्यापासून संरक्षण देणारा १९७५चा कायदा आणि कुळाला जमिनीचा मालक करणारी १९७६ची कूळकायद्याची पाचवी दुरुस्ती, ही दोन्ही कामे त्यांच्या कारकिर्दीत झाली. पित्याने आरंभिलेल्या कार्याची ती पुढची पायरी होती. दुरुस्तीचा प्रश्न मात्र दीर्घकाळ न्यायालयांत अडकून राहिला आणि नोंदीचे, पुराव्याचे, माहितीचे महत्त्व कुळांना पुन्हा एकदा कठोरपणे शिकावे लागले.

भाऊसाहेबांच्या निधनानंतर पेडण्या-डिचोलीतील पुष्कळ माणसांना आपले घरचे कोणी गेल्यासारखे वाटले, यात नवल नाही. आपली अडचण जाणून घेणारा आणि आपल्याला काय मिळू शकते ते सांगणारा पहिला सत्ताधीश त्यांनी गमावला होता. पण ती पोकळी दुसरा एखादा भाऊसाहेब येऊन भरून निघणारी नव्हती. तिला वाड्यावाड्यावरचा जागरूक पंच हवा होता, नगरपालिकेतील ठराव लोकांना समजावून सांगणारा नगरसेवक हवा होता, ग्रामसभेत उठून हिशेब विचारणारा ग्रामस्थ हवा होता. आणि कायदा, राजपत्र व वृत्तपत्र जेथे कोणालाही वाचावयास मिळेल असे वाचनालयाचे उघडे दार हवे होते. भाऊसाहेबांनी उघडलेल्या शाळांतून शिकलेल्या पिढीने यातील काही कामे हाती घेतली. काही अजून व्हावयाची आहेत. स्वतः फार न शिकलेल्या या पेडणेकराने खेड्यातील शाळेवर जो भरवसा ठेवला, तो ती कामे पुरी होतील तेव्हा पूर्णपणे सार्थ ठरेल.