अब्राहम मॅस्लो

अब्राहम हॅरॉल्ड मॅस्लो (१ एप्रिल, १९०८, ब्रुकलिन, न्यू यॉर्क – ८ जून, १९७०, मेनलो पार्क, कॅलिफोर्निया) हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ व मानवतावादी मानसशास्त्राचे एक प्रवर्तक होते. कर्मचाऱ्यांच्या प्रेरणेचा अभ्यास करताना त्यांचा गरजांच्या श्रेणीचा सिद्धान्त आजही शिकवला जातो.

जीवन

मॅस्लो यांचे आईवडील रशियन साम्राज्यातून अमेरिकेत स्थलांतरित झालेले ज्यू होते. सात भावंडांत ते थोरले होते. विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी माकडांच्या वर्तनाचा अभ्यास केला व १९३४ मध्ये पीएच.डी. मिळवली. १९३७ पासून त्यांनी ब्रुकलिन कॉलेजात आणि १९५१ पासून ब्रँडाइस विद्यापीठात अध्यापन केले.

गरजांची श्रेणी

१९४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी मानवी गरजांचे पाच स्तर मांडले: शारीरिक, सुरक्षिततेच्या, प्रेम व आपलेपणाच्या, आदराच्या आणि आत्मवास्तविकीकरणाच्या गरजा. खालच्या स्तरावरील गरज बऱ्याच अंशी भागली की तिची प्रेरकशक्ती ओसरते व वरची गरज वर्तनाला दिशा देऊ लागते, असे त्यांचे प्रतिपादन होते. हा क्रम सर्वांसाठी अटळ आहे, असे मात्र त्यांनी मानले नव्हते. या सिद्धान्ताचे चित्र म्हणून प्रसिद्ध असलेला पिरॅमिडही त्यांनी काढलेला नाही. तो पुढे व्यवस्थापनविषयक लेखनातून रूढ झाला.

उद्योगक्षेत्राशी संबंध

डग्लस मॅकग्रेगर यांनी १९६० मध्ये मांडलेल्या ‘वाय’ सिद्धान्ताला मॅस्लो यांच्या विचारांचा आधार होता. १९६२ च्या उन्हाळ्यात अँड्र्यू के यांच्या निमंत्रणावरून मॅस्लो कॅलिफोर्नियातील डेल मार येथील ‘नॉन-लिनिअर सिस्टिम्स’ या कारखान्यात राहिले. तेथे जुळणीच्या साखळीऐवजी कामगारांचे लहान गट संपूर्ण उपकरण तयार करीत. तेथील त्यांच्या नोंदी १९६५ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. मनोविकारग्रस्तांच्या अभ्यासातून निघालेले आपले निष्कर्ष कारखान्यांना पुरेशा पडताळणीविना लावले जात आहेत, अशी चिंता त्यांनी या नोंदींत व्यक्त केली. पुढे कंपनी आर्थिक अडचणीत आल्यावर हा प्रयोग आवरता घेण्यात आला.

मूल्यमापन

गरजा ठरावीक क्रमानेच जागृत होतात, याला नंतरच्या संशोधनात पुरेसा आधार मिळाला नाही. सिद्धान्त व्यक्तिवादी अमेरिकन समाजावर बेतलेला आहे, असाही आक्षेप घेतला जातो. तरीही वेतनाखेरीज सुरक्षितता, सहकाऱ्यांचा स्नेह, मानसन्मान व कर्तृत्वाला वाव यांचीही कामगाराला गरज असते, हा विचार व्यवस्थापनशास्त्रात रुजवण्यात मॅस्लो यांचा मोठा वाटा आहे.