कल्याणच्या डॉक्टर आनंदीबाई



अंबरनाथहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत बसले की तिसरे स्टेशन कल्याण. आपल्यापैकी कितीतरी जण रोज तिथे उतरतात, गाडी बदलतात. याच कल्याणच्या एका घरातली मुलगी १८८३ साली अमेरिकेला गेली आणि १८८६ साली डॉक्टर होऊन परत आली. डॉ. आनंदीबाई जोशी हे नाव आपण सर्वांनी शाळेत ऐकलेले आहे. पण त्या डॉक्टर का झाल्या आणि वयाची बावीस वर्षेही पूर्ण न करता का गेल्या, हे आपण क्वचितच विचारतो. आजही आपल्या घराघरांशी या दोन्ही प्रश्नांचा संबंध आहे.

त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. बालपण कल्याणला गेले. त्या काळच्या रीतीप्रमाणे नवव्या वर्षी लग्न झाले. पती गोपाळराव टपाल खात्यात कारकून होते, बिजवर होते आणि वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. बायकोने शिकलेच पाहिजे असा त्यांचा हट्ट होता. हा हट्ट नेहमीच प्रेमाचा नव्हता. अभ्यासावरून आनंदीबाईंना मारही खावा लागला, असे त्यांनी स्वतःच पुढे पत्रात लिहून ठेवले आहे. थोर व्यक्तींच्या चरित्रातली अशी पाने आपण झाकून ठेवू नयेत. शिक्षण देणारा हातसुद्धा दुखवू शकतो, हे घरातल्या मोठ्यांनी लक्षात ठेवावे.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहा दिवसांतच गेला. वेळेवर योग्य उपचार मिळाले असते तर बाळ वाचले असते, असे त्या मातेला वाटत राहिले. त्या काळी बाळंतपण घरच्या अंधाऱ्या खोलीत होई. पुरुष डॉक्टरांसमोर जाण्यापेक्षा दुखणे सोसलेले बरे, असे बायका मानत, आणि स्त्री डॉक्टर जवळपास नव्हतीच. या दुःखातून त्यांनी डॉक्टर होण्याचे ठरवले.

त्यांचा मार्ग कसा मोकळा झाला, ते आपण ख्रिस्ती लोकांनी विशेष लक्ष देऊन वाचावे. १८८० साली गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याकडे मदत मागितली. वाइल्डर यांनी ते पत्र आपल्या मासिकात छापले, पण त्यासोबत या जोडप्याने ख्रिस्ती व्हावे असेही सुचवले. ते दोघांना मान्य नव्हते. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दाताच्या डॉक्टरांकडे आपला नंबर यायची वाट पाहत बसल्या होत्या. तिथे हे मासिक त्यांच्या हाती पडले. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले आणि कोणतीही अट न घालता आपले घर देऊ केले. आनंदीबाई पुढे त्यांना मावशी म्हणू लागल्या. ज्या मदतीला अट होती ती वाया गेली. जी अटीशिवाय आली, तिने एक डॉक्टर घडवली.

फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूर येथे भरसभेत आनंदीबाईंनी आपण परदेशी का जातो हे सांगितले. या देशातल्या बायकांना स्त्री डॉक्टरची गरज आहे आणि आपण हिंदू म्हणूनच जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, हा त्या भाषणाचा सारांश. तेव्हा त्यांचे वय होते सतरा. ७ एप्रिल रोजी ओळखीच्या मिशनरी बायकांच्या सोबतीने त्यांनी कलकत्ता सोडले. जवळजवळ दोन महिन्यांनी जहाज न्यूयॉर्कला लागले.

फिलाडेल्फिया शहरातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. तिथल्या प्रमुख रेचल बॉडली यांनी त्यांना आईच्या मायेने सांभाळले. आनंदीबाईंनी प्रबंधासाठी विषय घेतला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. दहा दिवसांचे बाळ गमावलेल्या आईने दुसरा कोणता विषय घेतला असता? ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाईही हजर होत्या.

मात्र शरीर थकत चालले होते. डोकेदुखी, अशक्तपणा, अधूनमधून ताप, धाप लागणे हे त्रास कलकत्त्यापासूनच होते. त्यात अमेरिकेतली थंडी, अपुरा आहार आणि अभ्यासाचा ताण. अखेर क्षयरोगाने त्यांना गाठले. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांच्यासाठी ठरलेली होती. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या, पण ते काम हाती घेण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावी, त्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवल्या आहेत.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली शोधून काढला होता, पण त्याला मारणारे औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसीन सापडले १९४३ साली. आनंदीबाई स्वतः डॉक्टर असूनही त्यांच्या हाती उपाय नव्हता.

आपल्या हाती तो आहे. तरीही जगातल्या एकूण क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे. औषध असूनही उशीर होतो, कारण दुखणे लपवले जाते. लग्नाच्या मुलीला खोकला असेल तर स्थळ मोडेल म्हणून घरचे गप्प बसतात. सुनेला झाले तर तिची माहेरी रवानगी होते. आई सर्वांना वाढून उरलेले खाते, वजन घटते, आणि कामाचा शीण म्हणून ती ते अंगावर काढते.

म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, थुंकीतून रक्त यांपैकी काहीही असेल तर थुंकीची तपासणी करून घ्या. सरकारी रुग्णालयात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. आपल्याला अंबरनाथचे छाया रुग्णालय किंवा उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय जवळ आहे. बायकांमध्ये क्षय गर्भाशयालाही होतो. तेव्हा खोकला नसतोच. पाळीच्या तक्रारी किंवा मूल न होणे एवढेच दिसते. साध्या क्षयाचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. बरे वाटू लागले म्हणून तो मध्येच सोडू नये. योग्य औषधे सुरू झाली की काही आठवड्यांत संसर्गाचा धोका बराच कमी होतो. ताटवाटी वेगळी ठेवल्याने काहीही साधत नाही, क्षय हवेतून पसरतो. खिडक्या उघड्या ठेवा आणि खोकताना तोंड झाका. रुग्णाच्या आहारासाठी सरकारकडून नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये खात्यात जमा होतात, त्याची नोंदणी करून घ्या.

शुभवर्तमानातली बारा वर्षे रक्तस्रावाने त्रासलेली स्त्री आठवा. ती गर्दीत मागून, कोणाला कळू नये अशी आली होती. प्रभूने तिला बरे केले, आणि सर्वांसमोर तिला बोलायची संधीही दिली. तिच्या आजारात लाजण्यासारखे काही नव्हते.

आज घरी गेल्यावर आईला, पत्नीला, बहिणीला तब्येत कशी आहे ते विचारा. ठीक आहे एवढेच उत्तर आले तर पुन्हा विचारा. आणि दवाखान्यात जायचे ठरले तर तिला एकटीला पाठवू नका, सोबत जा.

आपला,
धर्मगुरू