कलामहर्षी बाबूराव पेंटर आणि ‘सावकारी पाश’

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आजोबांच्या पत्र्याच्या पेटीतला एक जुना कागद माझ्या हाती आला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे कागद वाचण्याचे काम माझ्याकडे आले. १९७२ च्या दुष्काळात आजोबांनी तीन एकर जमीन एका सावकाराकडे गहाण ठेवली, ती पुन्हा सुटली नाही, एवढेच आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. कागदावर मात्र ‘गहाण’ हा शब्द कुठेच नव्हता. तेथे ‘कायम खुशखरेदीखत’ असे लिहिले होते आणि खाली आजोबांचा अंगठा होता. मी वाचून दाखवले, तेव्हा आजोबा काहीच बोलले नाहीत.

सुट्टीनंतर ग्रंथालयात मराठी चित्रपटाच्या इतिहासावरचे एक पुस्तक चाळत होतो. सावकाराच्या तावडीत सापडून जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची गोष्ट १९२५ सालीच पडद्यावर आली होती, हे त्यात वाचले आणि मी थबकलो. ती पडद्यावर आणणारा माणूस कोण होता, हे शोधताना मला बाबूराव पेंटर भेटले.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापूरला एका कारागीर घराण्यात झाला. कोणत्याही कलाशाळेत न जाता ते चित्रकला आणि शिल्पकला शिकले. बंधू आनंदराव यांच्यासह ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवीत. या कामात त्यांनी असा लौकिक मिळविला, की मेस्त्री हे आडनाव मागे पडून लोक त्यांना पेंटर म्हणू लागले.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि या बंधूंना सिनेमाचा ध्यास लागला. कॅमेरा हवा, पण तो विकत घेण्याइतका पैसा जवळ नव्हता. तेव्हा आपणच तो तयार करायचा, असे त्यांनी ठरविले. १९१६ साली आनंदराव वारले. तरीही बाबूरावांनी काम सोडले नाही. शिष्य विष्णुपंत दामले यांच्या मदतीने १९१८ साली त्यांनी कॅमेरा पुरा केला. तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिले, राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय मिळाला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ १९२० साली पुण्याच्या आर्यन सिनेमात झळकला. कथा महाभारतातली, कीचकवधाची. परंतु वाचकहो, या कथेला त्या काळी एक वेगळा अर्थ आला होता. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या १९०७ च्या ‘कीचकवध’ नाटकात लोकांनी कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन आणि द्रौपदी म्हणजे पारतंत्र्यातली भारतमाता, असे ओळखले होते. म्हणूनच १९१० मध्ये सरकारने त्या नाटकावर बंदी घातली. रंगभूमीवर बंद असलेली गोष्ट बाबूरावांनी पडद्यावर आणली. भीम कीचकाला मारतो ते दृश्य पाहून प्रेक्षागृह हादरून गेले. लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरविले. पडद्यावर राजकारणाचा एक शब्दही नव्हता. तरी जे समजायचे ते सारे समजले होते.

पुढे ‘सिंहगड’सारखे ऐतिहासिक चित्रपटही गाजले. अशा वेळी यशाची वाट सोडून बाबूरावांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढला. कथा नारायण हरी आपटे यांची. या चित्रपटात देव नाही, राजा नाही, लढाई नाही. एक तरुण शेतकरी सावकाराच्या तावडीत सापडतो, जमीन गमावतो आणि शेवटी शहरात गिरणी कामगार होतो, एवढीच ती गोष्ट. शेतकऱ्याची भूमिका तरुण व्ही. शांताराम यांनी केली होती.

ही गोष्ट हवेतून आलेली नव्हती. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला, कर्जरोखे जाळले आणि ते लोण दख्खनमधील इतर गावांतही पसरले. १८७९ मध्ये सरकारला शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. त्या उठावाला पन्नास वर्षे झाली तरी पाश सुटलेला नव्हता. तेच बाबूरावांनी दाखविले.

चित्रपटाची जाणकारांनी वाखाणणी केली; तिकीटबारीवर मात्र तो चालला नाही. लोकांना पौराणिक व ऐतिहासिक चित्रपटांची सवय होती, असे कारण दिले जाते. ते खरेच आहे. पण मला आणखी एक कारण दिसते. कीचक परका होता, त्याच्या वधाला टाळ्या वाजविणे सोपे होते. सावकार आपल्याच गावचा, कदाचित शेजारच्याच खुर्चीत बसलेला. त्याच्याकडे बोट दाखविणारा चित्रपट पचविणे अवघड गेले असणार.

बाबूरावांनी मात्र ही गोष्ट टाकून दिली नाही. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर हे शिष्य बाहेर पडले व त्यांनी प्रभात कंपनी काढली. महाराष्ट्र फिल्म कंपनी पुढे बंद झाली. बोलपट आला. तरी १९३६ साली बाबूरावांनी ‘सावकारी पाश’ पुन्हा, या वेळी बोलपट म्हणून काढला. एकदा न चाललेली गोष्ट दुसऱ्यांदा सांगायला केवढी हिंमत लागत असेल! १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले. त्यांच्या त्या मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाही.

मूकपटाच्या काळात पडद्यावर अक्षरे आली, की वाचता येणारा माणूस शेजारच्यांसाठी ती मोठ्याने वाचत असे. हे वाचले तेव्हा मला आमच्या ओसरीवर तो कागद वाचणारा मी आठवलो. पुढच्या सुट्टीत मी आजोबांना चित्रपटाची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि तो कधी निघाला, असे विचारले. तुमच्या जन्माआधी, असे मी म्हणालो. तेव्हा ते एवढेच म्हणाले, की आमच्या गावात तो कोणी दाखवला असता, तर अंगठा देण्याआधी मी कागद कोणाकडून तरी वाचून घेतला असता.

आमची जमीन आता परत येणार नाही. पण सुट्टीत घरी गेलो, की शेजारपाजारची माणसे सोसायटीचे, बँकेचे, तलाठ्याचे कागद घेऊन येतात. मी ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचतो. आजोबा जवळ बसून ऐकतात.