पोप पायस दहावा
पोप पायस दहावा (जन्मनाव: ज्युसेप्पे मेल्कियोरे सार्तो, २ जून, इ.स. १८३५, रिएसे – २० ऑगस्ट, इ.स. १९१४, रोम) हे इ.स. १९०३ ते १९१४ या काळात रोमन कॅथलिक चर्चचे पोप होते. कॅथलिक पंथातील सात संस्कारांपैकी (साक्रामेंत) कम्युनियन, म्हणजेच ख्रिस्तप्रसादाचा संस्कार, भाविकांना वारंवार आणि मुलांना लहान वयात मिळावा, यासाठी त्यांनी काढलेले आदेश विशेष प्रसिद्ध आहेत.

प्रारंभिक जीवन
सार्तो यांचा जन्म उत्तर इटलीतील व्हेनेतो प्रांतातील रिएसे या खेड्यात एका गरीब कुटुंबात झाला. त्यांचे वडील गावात टपाल पोहोचविण्याचे काम करीत, तर आई शिवणकाम करी. पादुआ येथे धर्मशिक्षण घेऊन इ.स. १८५८ मध्ये ते धर्मगुरू झाले. तोंबोलो व साल्झानो येथील चर्चमध्ये त्यांनी सुमारे सतरा वर्षे सेवा केली. पुढे ते इ.स. १८८४ मध्ये मांतुआचे बिशप आणि इ.स. १८९३ मध्ये कार्डिनल व व्हेनिसचे पॅट्रिआर्क झाले. ४ ऑगस्ट, इ.स. १९०३ रोजी त्यांची पोपपदी निवड झाली.

कम्युनियनविषयक आदेश
इ.स. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने समज आलेल्या प्रत्येक भाविकाने वर्षातून किमान एकदा, ईस्टरच्या सुमारास, कम्युनियन घ्यावे, असा नियम केला होता. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये पसरलेल्या जान्सेनवादाने या संस्कारासाठी कठोर आत्मशुद्धीची अपेक्षा ठेवली. त्यामुळे अनेक भाविक स्वतःला अपात्र समजून त्यापासून दूर राहत. २० डिसेंबर, इ.स. १९०५ च्या आदेशाने, गंभीर पापापासून मुक्त असलेल्या आणि योग्य हेतू बाळगणाऱ्या कोणालाही दररोज कम्युनियन घेता येईल, असे ठरविण्यात आले.

मुलांना पहिले कम्युनियन तेव्हा बहुधा दहा ते चौदा वर्षे वयापर्यंत मिळत नसे. ८ ऑगस्ट, इ.स. १९१० च्या आदेशाने ही मर्यादा सुमारे सात वर्षांवर आणली. नेहमीची भाकरी आणि ख्रिस्तप्रसाद यांतील भेद ओळखण्याइतकी समज मुलाला पुरेशी मानली गेली. अनेक ठिकाणी दृढीकरण संस्काराचे वय मात्र पूर्वीचेच राहिले. परिणामी तो पहिल्या कम्युनियननंतर होऊ लागला आणि संस्कारांचा प्राचीन क्रम बदलला.

विवाहविषयक नियम
इ.स. १९०७ च्या आदेशानुसार कॅथलिक व्यक्तीचा विवाह अधिकृत धर्मगुरू व दोन साक्षीदारांसमोर झाला तरच वैध ठरू लागला. हा नियम आंतरपंथीय विवाहांनाही लागू असल्यामुळे आयर्लंड व कॅनडा येथील प्रोटेस्टंट समाजात तीव्र नाराजी पसरली.

आधुनिकतावादाला विरोध
संस्कारांचे आचरण बदलणाऱ्या या पोपनी संस्कारांच्या उगमाच्या ऐतिहासिक चिकित्सेला मात्र विरोध केला. संस्कार ख्रिस्ताने स्थापन केले नसून नंतरच्या काळात विकसित झाले, या अर्थाची मते इ.स. १९०७ मध्ये निषिद्ध ठरविण्यात आली. फ्रेंच अभ्यासक आल्फ्रेड ल्वाझी यांना इ.स. १९०८ मध्ये बहिष्कृत करण्यात आले. इ.स. १९१० पासून धर्मगुरूंना आधुनिकतावादाविरुद्ध शपथ घेणे बंधनकारक झाले. ही शपथ इ.स. १९६७ पर्यंत प्रचलित होती.

मृत्यू व संतपद
पहिल्या महायुद्धाच्या आरंभीच, २० ऑगस्ट, इ.स. १९१४ रोजी त्यांचे निधन झाले. पोप पायस बारावे यांनी २९ मे, इ.स. १९५४ रोजी त्यांना संत घोषित केले. २१ ऑगस्ट हा त्यांचा स्मृतिदिन मानला जातो. सात-आठ वर्षांच्या मुलांचे पहिले कम्युनियन आज कॅथलिक कुटुंबांत सर्वत्र रूढ आहे. ही प्रथा त्यांच्याच आदेशातून आली आहे.